दर तीन महिन्यांनी

पहाटेचे पावणेपाच. न्यूलिनच्या धक्क्यावरचे दिवे अजून विझायचेत.
टॅमझिन झोपलीये, एक मोजा पायात, दुसरा देव जाणे कुठे.
मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी,
चहा निवत चाललेला
आणि फोनवर सरकारचं पान:
‘तुमची माहिती अजून तीच आहे का?’

हिशेब तसा सोपा.
आठ पौंड मी टाकायचे, दोन ते टाकतात.
दहा होतात. कर नाही, काही नाही.
पण त्या दह्यांना एकच वाट ठाऊक,
बेकरीच्या वर राहणाऱ्या मिसेस ट्रेवास्किसच्या दाराची,
जिथे आठ ते पाच माझी पोर असते.
त्यातून दूध येत नाही, बूट येत नाहीत.
पदरात पडलेलं, पण गाठ दुसऱ्याच्या हातात.

तरी दोन म्हणजे दोन.
मी बर्फात हात घालून मासे कापते.
दोन पौंड म्हणजे किती मॅकरल,
ते माझ्या बोटांना विचारा.

टॅमझिनला एकदा समजावलं होतं हे.
तिने खिडकीत आठ शिंपले मांडले
आणि बसून राहिली.
‘काय गं?’
‘सरकारची वाट बघतेय.’
जेवायला हाक मारली तरी उठेना.
शेवटी पेरनने, तिच्या बापाने,
कोटाच्या खिशातून दोन काढून हळूच ठेवले,
त्यातला एक फुटका.
ती म्हणाली, सरकारच्या हाताला डिझेलचा वास येतो.

पुढचा प्रश्न:
‘येत्या तीन महिन्यांत एवढी कमाई होईल अशी तुमची अपेक्षा आहे का?’
माझ्यापुरतं, होय. कारखाना आहे, पाळी आहे, डोक्यावर सुपरवायझर आहे.
खाली तोच प्रश्न, नवऱ्यासाठी.

पेरन मंगळवारपासून सिली बेटांच्या पलीकडे.
बोटीवर पगार नसतो, वाटा असतो.
डिझेल वजा, बर्फ वजा, फाटलेलं जाळं वजा,
उरलेल्यात अर्धा बोटीचा, मग माणसांचा.
जानेवारीत अडीच आठवडे नुसतं वारं.
त्याने बाथरूमचा नळ दुरुस्त केला,
जो बिघडलेलाच नव्हता.
फेब्रुवारीत एकाच खेपेत सगळं भरून निघालं.
वर्षाची सरासरी धरली तरी चालते,
हे हेल्पलाइनवरच्या बाईने सांगितलं,
चाळीस मिनिटं तेच ते व्हायोलिन ऐकवून झाल्यावर.
चांगली होती. तिच्या मागेही कुणाचं तरी बाळ रडत होतं.

पण सरासरी ही मागची गोष्ट.
हे पान अपेक्षा विचारतंय.
सासूने लग्नाच्याच आठवड्यात बजावलं होतं:
बोट बाहेर असताना शिट्टी वाजवायची नाही,
सशाचं नाव काढायचं नाही,
आणि किती मिळेल हे तर मनातसुद्धा म्हणायचं नाही.
इथे चौकोन दोनच.
होय. नाही.
‘वारं पडलं तर’ असा तिसरा नाही.

चहावर साय धरली.
पान म्हणतं, पाच मिनिटांत बंद होईन.

मंगळवारी निघताना तो दारातून परत वळला होता.
मला वाटलं, थर्मास विसरला.
तर म्हणाला, शुक्रवारी मिसेस ट्रेवास्किसचे द्यायचेत ना,
मी आहेच तोवर.
एवढाच पुरावा माझ्याकडे,
आणि तो जोडायला जागा नाही.

उजव्या हाताने ‘होय’ दाबलं.
डावा हात शेगडीच्या बीडाच्या जाळीवर होता,
थंड लोखंडाला लागलेला. हेही सासूचंच.

‘धन्यवाद. पुढची तारीख एकोणीस जून.’

फ्रिजवर भरती-ओहोटीचं कोष्टक लावलंय.
त्यात एकोणीस शोधली. पहाटेची ओहोटी.
तारखेभोवती गोल केला.
पेन्सिलने.